बालविभागातील कर्मचाऱ्यांच्या पाठीशी कसे उभे राहावे : नव्या पर्यवेक्षकांसाठी मार्गदर्शक

सार्वजनिक ग्रंथालयातील बालविभाग आणि किशोरविभाग सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांवर देखरेख करण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे नव्यानेच आली आहे, पण जे स्वतः रोज मुलांच्या गराड्यात बसत नाहीत, अशा ग्रंथपालांसाठी आणि शाखाप्रमुखांसाठी हा लेख लिहिला आहे. मुलांची आवड असलेला माणूस या विभागात नेमला की काम आपोआप चालते आणि आपण अधूनमधून शाबासकी दिली की पुरे, असा नव्या पर्यवेक्षकाचा बहुधा समज असतो. शाबासकीची या विभागाला कधीच वाण नसते. वाण असते ती वाचकांसमोर न बसता तयारी करण्यासाठी लागणाऱ्या वेळेची, अडचणीच्या प्रसंगी आधार घेता येईल अशा लेखी धोरणाची आणि तक्रार आली की पुढे होऊन उत्तर देणाऱ्या वरिष्ठाची. पुढच्या पायऱ्या याच गरजा डोळ्यांसमोर ठेवून लावल्या आहेत. आधीची पायरी कच्ची ठेवून पुढची घेतली, तर प्रशिक्षणावर केलेला खर्चही वाया जातो.

पहिली पायरी : एक अख्खा दिवस विभागात बसा

पर्यवेक्षक विभागाला भेट देतो ती बहुतेकदा कथाकथनाच्या वेळी, कारण तेव्हा विभाग भरलेला आणि प्रसन्न दिसतो. तुम्ही मात्र ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत एका कोपऱ्यात वही घेऊन बसा आणि कर्मचाऱ्याला कोण, कशासाठी आणि किती वेळा हाक मारते एवढेच टिपा. शाळा सुटल्यानंतरचा पहिला तास विशेष लक्ष देऊन पाहावा. देवघेवीच्या टेबलावर एकीकडे परत आलेल्या पुस्तकांची चळत वाढत असते, दुसरीकडे चार वर्षांच्या मुलासाठी डायनोसॉरचे पुस्तक हवे असलेले पालक उभे असतात, मागच्या टेबलावर दोन मुलांचे संगणकाच्या पाळीवरून जुंपलेले असते, आणि तेवढ्यात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा येऊन विचारतो, ‘‘ताई, ते निळं पुस्तक आहे का? मागच्या वेळी इथंच होतं.’’

अनुभवी कर्मचारी इथे तालिकेकडे वळत नाही. ती विचारते, ‘‘त्यात कोण कोण होतं? चित्रं रंगीत होती की काळी-पांढरी? तू ते स्वतः वाचलंस की कुणी वाचून दाखवलं?’’ तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या मुलाची वाचनाची पातळी कळते, पहिल्या दोहोंवरून कपाट कळते, आणि पाचेक मिनिटांनी पुस्तक सापडते तेव्हा ते हिरवे निघते. दिवसाच्या नोंदीत या सगळ्याचे वर्णन ‘देवघेव : १’ एवढेच होते. आकडेवारीच्या तक्त्यातून न दिसणारे हेच काम तुम्हाला सांभाळायचे आहे, म्हणून तक्ता मागवण्याआधी ते डोळ्यांनी पाहिलेले बरे.

दुसरी पायरी : तयारीचा वेळ वेळापत्रकात लिहा

अर्ध्या तासाच्या कथाकथनासाठी पुस्तक निवडावे लागते, ते मोठ्याने वाचून पाहावे लागते, चित्र शेवटच्या रांगेतल्या मुलाला दिसते का हे तपासावे लागते, सोबतचे गाणे किंवा बाहुली तयार ठेवावी लागते आणि कार्यक्रमानंतर खोली आवरून नोंद करावी लागते. माझ्या अनुभवाने हा हिशेब दोन ते अडीच तासांवर जातो. पुस्तक किंवा वयोगट नवा असेल तर त्याहूनही अधिक. हा वेळ कर्मचाऱ्याच्या नावासमोर वार आणि वेळ घालून वेळापत्रकात लिहिलेला असला पाहिजे, आणि त्या वेळी देवघेवीच्या टेबलावर दुसरे कोण बसणार हेही त्याच ओळीत लिहिलेले असले पाहिजे, कारण बदली माणसाशिवाय दिलेली सवड पहिल्याच गर्दीत नाहीशी होते.

ही चूक मी स्वतः केली आहे. जबाबदारी घेतल्यावर पहिल्याच वर्षी मी आदेशात ‘तयारी सोयीनुसार करावी’ असे लिहिले होते, आणि ते लिहिताना आपण मोठे उदार आहोत असेही मला वाटले होते. बालविभागातील सहकारी मग वर्षभर रात्री घरी बसून तयारी करत राहिली. मला ते कळले तेव्हा तिचा बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर होता. तिने आधी तक्रार का केली नाही, याचे उत्तर पुढे मला फोबाझी एत्तार या ग्रंथपाल लेखिकेने २०१८ मध्ये मांडलेल्या विचारात सापडले. ग्रंथालयाचे काम पवित्र मानले की त्या कामातल्या त्रुटींबद्दल बोलणे अप्रशस्त वाटू लागते आणि कमी वेतन, जादा काम व थकवा हे सेवाभावाचेच भाग ठरतात, असे तिचे म्हणणे आहे. मुलांच्या विभागात हा भक्तिभाव दुप्पट असतो. त्यामुळे ‘ती कधी कुरकूर करत नाही’ हे वाक्य कोणाच्या तोंडून ऐकले, तर त्याला प्रशस्तिपत्र न समजता चौकशी करावी.

गर्दीच्या तासाला दोन माणसे, सलग कथाकथनांच्या मध्ये मोकळी वीस मिनिटे, जमिनीवर बसून काम करणाऱ्यासाठी पाठ टेकता येईल असे बैठे आसन आणि गट मोठा असेल तर ध्वनिवर्धक, या गोष्टींवर अधिक लिहिण्याची गरज नाही. त्या द्याव्यात.

तिसरी पायरी : वयोगट वेगळे, म्हणून प्रशिक्षणही वेगळे

ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘इफ्ला’ हिने २०१८ मध्ये बालसेवेची मार्गदर्शक तत्त्वे सुधारून प्रसिद्ध केली. त्यांत वयाची कक्षा जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत धरली आहे. कागदावर हा एकच विभाग दिसतो. प्रत्यक्षात सात महिन्यांचे बाळ मांडीवर घेऊन आलेली आई आणि सतरा वर्षांचा, कोणाशी न बोलता कोपरा गाठणारा मुलगा यांच्यासाठी लागणारी कौशल्ये जवळपास दोन स्वतंत्र व्यवसायांची आहेत. एकाच कर्मचाऱ्याकडून ती सारख्याच सफाईने मिळावीत अशी अपेक्षा धरू नका. कोणाला काय चांगले येते आणि काय शिकायचे आहे, हे प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून ठरवा.

अगदी लहान मुलांच्या सत्रात खरा विद्यार्थी पालक असतो. अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेच्या दोन विभागांनी मिळून आखलेल्या बालवाचन उपक्रमाच्या २०११ मधील आवृत्तीत पालकांना बोलणे, गाणे, वाचणे, लिहिणे आणि खेळणे अशा पाच सवयी सुचवल्या आहेत. कर्मचाऱ्याने सत्रात यांपैकी एखादीच करून दाखवावी आणि ती का केली हे पालकांना एका वाक्यात सांगावे. सत्र पंधरा-वीस मिनिटांपलीकडे ताणू नये.

तीन ते सहा वर्षांच्या गटासाठी संवादात्मक वाचन शिकवणे सर्वांत उपयोगाचे ठरते. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये या पद्धतीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचे मर्म असे की मोठ्याने नुसते वाचून न दाखवता मुलाला बोलते करावे, त्याच्या उत्तराला दाद द्यावी, ते उत्तर थोडे वाढवावे आणि वाढवलेले वाक्य त्याच्याकडून वदवून घ्यावे. चित्रात पावसात पळणारा कुत्रा आहे असे समजा. ‘‘हा काय करतोय?’’ असे विचारल्यावर मूल म्हणते, ‘‘पळतोय.’’ त्यावर, ‘‘हो, पळतोय. भिजायला नको म्हणून पळतोय. म्हण बघू तू?’’ ऐकायला हे सोपे वाटते, पण वीस मुलांसमोर, पुस्तक बाजूला धरून आणि गोष्टीचा धागा न सोडता हे करणे सरावानेच जमते. म्हणून नव्या माणसाला आधी चार-पाच मुलांचा गट द्या, आणि त्याने पाहिलेल्या सत्रांची संख्या घेतलेल्या सत्रांहून पहिले काही आठवडे जास्त राहू द्या.

किशोरवयीनांच्या बाबतीत बहुतेक प्रशिक्षण कार्यक्रमांच्या विषयांवर भर देते. मला त्याआधी कर्मचाऱ्याने टेबलामागून बाहेर येणे महत्त्वाचे वाटते. या वयातला वाचक हवे ते सांगत नाही. ‘‘काही हवंय का?’’ या प्रश्नाला ‘‘नाही, असंच बघतोय’’ हेच उत्तर मिळते, आणि ते उत्तर शब्दशः घेतले तर तो दहा मिनिटांत निघून जातो. टेबलावरून बोट दाखवून कपाट सांगण्याऐवजी कर्मचाऱ्याने त्याच्यासोबत कपाटापर्यंत चालत जावे, अलीकडे त्याला काय पाहायला किंवा खेळायला आवडले हे विचारावे, दोन-तीन पुस्तके काढून टेबलावर ठेवावीत आणि तिथून निघून जावे. हे निघून जाणे फार महत्त्वाचे आहे, कारण कोणीतरी पाहत असताना हा वाचक पुस्तक उचलत नाही. चित्रकथा उचलली तर ‘आता जरा खरं पुस्तकही ने’ असे सुचवण्याचा मोह टाळायचा असतो. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ या सूत्रातला ‘त्याचा’ हा शब्द इथे कसोटीला लागतो.

आणखी एक गोष्ट पर्यवेक्षकाने स्वतः सांभाळायची आहे. चार किशोर एकत्र हसले की इतर सभासदांच्या तक्रारी येतात आणि त्यांना गप्प करण्याचे काम त्यांच्याशी नुकतीच ओळख जमवू लागलेल्या कर्मचाऱ्यावर येते. आवाजाचा नियम सर्व वयांना सारखा लागू करा. प्रौढ वाचक फोनवर मोठ्याने बोलत असेल तर त्यालाही तोच नियम सांगितला गेला पाहिजे. मुलांच्या लक्षात हा फरक लगेच येतो.

चौथी पायरी : अडचणीच्या प्रसंगांसाठी लेखी धोरण

हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून पुढे ढकलले जाते. कर्मचाऱ्याला सर्वांत मोठा आधार याच कागदाचा असतो. तोंडी सूचना देणारा पर्यवेक्षक नेमका त्या दिवशी रजेवर असतो, हा माझा अनुभव आहे.

बंद होण्याच्या वेळी मागे राहिलेले मूल, हा पहिला प्रसंग. धोरणात असे लिहावे की बंद होण्याच्या अर्धा तास आधी कर्मचाऱ्याने विभागात एक फेरी मारावी आणि एकटे असलेल्या प्रत्येक मुलाला न्यायला कोण येणार हे विचारावे. न्यायला कोणी आले नाही तर नोंदवलेल्या क्रमांकावर फोन करावा. दोन कर्मचाऱ्यांनी मुलासोबत उजेडाच्या, बाहेरून दिसणाऱ्या जागी थांबावे, आणि ठरलेल्या मिनिटांनंतर पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवावे. कर्मचाऱ्याने मुलाला स्वतःच्या वाहनाने घरी सोडू नये, हे वाक्य स्पष्ट लिहावे. कितीही माणुसकीचे वाटले तरी ते मुलासाठीही धोक्याचे आहे आणि कर्मचाऱ्यासाठीही. थांबलेल्या वेळेची भरपाई कशी मिळेल हेही त्याच पानावर असावे, नाहीतर दुसरा कर्मचारी थांबायला तयार होत नाही.

दुसरा प्रसंग खासगीपणाचा. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेतील कलम १७ मुलांच्या पुस्तकांची निर्मिती आणि प्रसार यांना उत्तेजन द्यायला सांगते, आणि त्याच्या आधीचे कलम १६ मुलाच्या खासगी आयुष्याला संरक्षण देते. पंधरा वर्षांच्या मुलीने कोणती पुस्तके नेली हे विचारायला पालक येतात तेव्हा ही दोन्ही कलमे टेबलावर येऊन बसतात. अगदी लहान मुलांच्या, पालकांच्याच नावाने असलेल्या सभासदत्वाचा प्रश्न निराळा आहे. कोणत्या वयापासून नोंद फक्त सभासदालाच दाखवायची, हे तुमच्या ठिकाणचा कायदा पाहून ठरवा आणि लिहून ठेवा. मग कर्मचाऱ्याला म्हणता येते, ‘‘ही माहिती आम्ही कोणत्याच सभासदाबद्दल दुसऱ्याला देत नाही. तुम्ही तिलाच विचारलंत तर ती सांगेल.’’ नियम सर्वांना लागू आहे असे सांगितले की पालकांना तो आपल्यावरचा अविश्वास वाटत नाही.

एखादे पुस्तक मुलांसाठी योग्य नाही अशी तक्रार येणे, हा तिसरा प्रसंग कधी ना कधी येतोच. कर्मचाऱ्याने पुस्तकाचा बचाव करू नये आणि पुस्तक काढून घेण्याचे आश्वासनही देऊ नये. त्याने शांतपणे ऐकावे आणि छापील अर्ज पुढे करावा. अर्जात तक्रारदाराने पुस्तक पूर्ण वाचले आहे का, नेमक्या कोणत्या भागाला आक्षेप आहे आणि ग्रंथालयाने काय करावे अशी अपेक्षा आहे, एवढे प्रश्न पुरेत. निर्णय एकट्या कर्मचाऱ्याने न घेता समितीने, ग्रंथनिवडीच्या लेखी धोरणाच्या आधारे आणि पुस्तक पूर्ण वाचून घ्यावा, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहावे. आपल्या मुलाने काय वाचावे हे ठरवण्याचा पालकांचा अधिकार मान्य करायचा असतो. इतरांच्या मुलांच्या वतीने तो वापरता येत नाही, हे सांगण्याचे अवघड काम पर्यवेक्षकाचे आहे. त्या संभाषणाला तुम्ही स्वतः हजर राहा. इथे तुम्ही मागे सरलात, तर पुढच्या खरेदीच्या वेळी कर्मचारी स्वतःच वादाची पुस्तके यादीतून गाळू लागतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

चौथा प्रसंग सर्वांत नाजूक आहे. ग्रंथालयातला माणूस शिक्षक नसतो आणि नातेवाईकही नसतो, म्हणूनच एखादे मूल त्याला घरातल्या मारहाणीबद्दल किंवा छळाबद्दल सांगते. कर्मचाऱ्याला आधीपासून माहीत असले पाहिजे की ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे वचन द्यायचे नाही, उलटतपासणी घ्यायची नाही आणि मुलाचे शब्द त्याच दिवशी, आपले अर्थ न घालता, जसेच्या तसे लिहून ठेवायचे. तुमच्या संस्थेत याबाबत कोणाला कळवायचे त्या व्यक्तीचे पद, फोन क्रमांक आणि कायद्याने नेमलेल्या यंत्रणेचा क्रमांक टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असावा. कळवल्यानंतर कर्मचाऱ्याला उरलेल्या दिवसाचे काम देऊ नका.

मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय प्रसिद्ध करायची नाहीत, आणि एका प्रौढाने एका मुलासोबत बंद दाराआड बसायचे नाही, हे दोन नियम याच कागदावर येतात. त्यांच्याबद्दल वाद होत नाहीत, फक्त विसर पडतो.

पाचवी पायरी : निवडीचा आणि खर्चाचा अधिकार

मुलांसमोर रोज बसणारा माणूस आणि पुस्तकांची यादी करणारा माणूस वेगळे असले की कपाटात सुंदर, जाड आणि अस्पर्शित पुस्तके साठतात. ग्रंथखरेदीच्या रकमेतला ठरावीक वाटा बालविभागाच्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या निवडीने खर्च करावा, आणि किशोर वाचकांच्या छोट्या गटाला त्या यादीवर मत देऊ द्यावे. पाने सुटलेली, माहिती शिळी झालेली पुस्तके बाद करण्याचा अधिकारही त्यालाच असू द्या. निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक बाद केल्याची, नोंद दाखल नोंदवहीत (आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीच्या वहीत) होते, तेव्हा हिशेब सुटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला ग्रहांची जुनी माहिती देणारे पुस्तक मात्र कपाटातून गेलेच पाहिजे. प्लुटोचे ग्रहपद २००६ मध्ये काढून घेतले गेले आणि अजूनही कुठल्या तरी कपाटात तो नववा ग्रह म्हणून सुखाने नांदत असतो.

सहावी पायरी : बोलण्यासाठी ठरलेली वेळ

आठवड्यातून एकदा वीस मिनिटे कर्मचाऱ्यासोबत एकट्याने बसा आणि ती वेळ रद्द करू नका. ‘सगळं ठीक ना?’ या प्रश्नाला ‘ठीक’ हेच उत्तर येते. त्याऐवजी या आठवड्यात कोणता प्रसंग घरी गेल्यावरही मनात राहिला, कोणते काम अर्धवट सोडावे लागले आणि माझ्या कोणत्या निर्णयामुळे अडचण झाली, असे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळायला काही महिने जातात. एकट्या शाखेत काम करणाऱ्याला शेजारच्या ग्रंथालयातील बालविभागाच्या सहकाऱ्याशी महिन्यातून एकदा, कामाच्या वेळेत, भेटू द्या. या व्यवसायातले पुष्कळसे ज्ञान असेच तोंडोतोंडी पुढे जाते.

व्यवस्थापन समितीपुढे अहवाल मांडताना उपस्थितीच्या आकड्यांसोबत दोन-तीन नोंदी जोडा : कोणत्या मुलाने (नाव न घेता) पहिल्यांदा स्वतःहून पुस्तक मागितले, किशोर गटाने सुचवलेली कोणती पुस्तके किती वेळा बाहेर गेली. नुसत्या डोकी मोजण्याने मोठे कार्यक्रम वाढतात आणि कपाटापाशी घालवलेला वेळ आटतो.

सातवी पायरी : माणूस बदलतो तेव्हा

बालविभागातून माणूस गेला की त्याच्यासोबत पुष्कळ अलिखित माहिती जाते, म्हणून पहिल्या महिन्यापासूनच एक हस्तांतरण वही सुरू करून द्या. कोणत्या वाराच्या गटातले मूल मोठ्या आवाजाला दचकते, गोष्टीआधी कोणते गाणे म्हटले की गट स्थिर होतो, बाहुल्या कोणत्या कपाटात आहेत आणि किशोर गटाला आपण कोणते आश्वासन देऊन बसलो आहोत, हे तीत लिहिलेले असावे. मुलांचे खासगी प्रसंग तीत लिहू नयेत. शक्य असेल तर जुन्या आणि नव्या माणसाला दोन आठवडे एकत्र काम करू द्या. पहिल्या आठवड्यात नव्या माणसाने फक्त पाहावे आणि मुलांची नावे पाठ करावीत. दुसऱ्या आठवड्यात गोष्ट नव्या माणसाने सांगावी आणि जुन्या माणसाने मागे, मुलांच्या रांगेत, जमिनीवर बसून ती ऐकावी.